खाडीच्या मुखावरचा दिवा : लाटेपासून वीज, प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार

घटस्थापना. वहीचं पहिलं पान आजच लिहायचं ठरवलं होतं.

कारण आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी कंटाळा आला तर हे पान उघडता येईल. ऑगस्टात मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात एक होडी रात्री परत येताना खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर चढली. माणसं वाचली, इंजिन गेलं. ते इंजिन माझ्याच वर्कशॉपमध्ये आलं. सिलेंडरमधून वाळू काढताना होडीचे तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, तात्या शेजारी बसून होते. म्हणाले, "दिवा असता तर वाट चुकली नसती." दिवा आहे, सौर आहे. पण सलग पाच-सहा दिवस आभाळ भरलेलं होतं आणि बॅटरी बसली होती.

त्या रात्री डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ज्या दिवसांत सूर्य झाकलेला असतो, त्याच दिवसांत दर्या सगळ्यात जोरात असतो. मग दिवा दर्यावरच का लावू नये?

भाची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "मामा, हे जुनंच आहे. जपानात योशिओ मासुदांनी लाटेवर चालणारे बोयांचे दिवे केले, १९६५ पासून ते विकले गेले." म्हणजे लाटेच्या विजेचा पहिला टिकलेला उपयोग दिव्याचाच. मला फार बरं वाटलं.

२८ ऑक्टोबर, शनिवार, कोजागरी

जेटीच्या खांबाला दहा-दहा सेंटीमीटरवर पांढरे-लाल पट्टे रंगवलेला बांबू बांधला. दिवसभर बसून भरती-ओहोटी मोजली. तात्यांचा हिशोब: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. माझ्या घड्याळात पाणी ११ वाजून २५ मिनिटांनी थांबलं.

भरती आणि ओहोटीतला फरक सव्वादोन मीटर. हा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला आहे, कारण सगळी रचना यावर अडणार आहे.

आपण करतोय ते यंत्र समजायला सोपं आहे. खालून उघडी, वरून बंद अशी मोठी नळी पाण्यात उभी करायची. लाट आली की नळीतलं पाणी चढतं आणि वरची हवा ढकलतं. लाट उतरली की तेच पाणी हवा आत ओढतं. वरच्या भोकात हवेवर फिरणारं चक्र, म्हणजे टर्बाइन, बसवायचं. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही. पण नळीचं खालचं तोंड उधाणाच्या ओहोटीतही, लाटेच्या खळग्यातही पाण्याखाली राहिलं पाहिजे. ते उघडं पडलं की हवा खालून निसटते आणि सगळं संपतं. वरचं टोक उधाणाच्या भरतीच्या वर हवं. म्हणजे अर्ध्या मीटरच्या लाटेसाठी साडेचार मीटरची नळी.

केरळात विहिंजमला आयआयटी मद्रासने असंच मोठं केंद्र उभारलं होतं. १९९१ मध्ये ते सुरू झालं, क्षमता १५० किलोवॅट, काँक्रीटची पेटी सुमारे ३,००० टनांची. तिथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतबाहेर. आमच्या किनाऱ्यावर त्याच्या दुप्पट. दक्षिणेतली रचना उचलून इथे ठेवली तर चालणार नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं ते बरं झालं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सप्तमी, भांगाचं म्हणजे लहान भरतीचं पाणी, ओढ कमी. म्हणून आजचा दिवस धरला. शिवाय जेटीवर माणूस नाही, सगळे क्रिकेटच्या अंतिम सामन्यासाठी टीव्हीसमोर.

सहा मीटरचा पीव्हीसी पाईप, आतला व्यास ३०० मिलिमीटर, साडेचार मीटरवर कापला. बंदर कार्यालयाच्या परवानगीत अट आहे की जेटीच्या काँक्रीटला भोक पाडायचं नाही. म्हणून खांबाभोवती पट्ट्यांचे क्लॅम्प केले, मध्ये जुन्या टायरचं रबर. तात्या आणि त्यांचा मुलगा होडीतून पाईप धरून होते. अकराच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सुरुवात केली, दीडला शेवटचा नट आवळला.

२० नोव्हेंबर, सोमवार

पहाटे गेलो. पाईपच्या वरच्या झाकणाला ५० मिलिमीटरचं भोक आहे. त्यापाशी उदबत्ती धरली. धूर आत गेला. थांबला. बाहेर आला. पुन्हा आत. दर आठ सेकंदांनी एक श्वास.

मी किती वेळ पाहत होतो ते लिहिलेलं नाही. उदबत्ती संपली एवढं आठवतं.

२४ डिसेंबर, रविवार

आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. भाची सुट्टीत आली आहे.

ती आल्या आल्या म्हणाली की आधी चक्र नको, आधी हवा मोजू. लेथवर नायलॉनच्या चार चकत्या काढल्या: भोकं ५०, २५, २० आणि १५ मिलिमीटर. दाब मोजायला पारदर्शक नळी यू आकारात वाकवली आणि त्यात कुंकवाचं पाणी भरलं. एका बाजूचं पाणी दुसऱ्यापेक्षा किती वर जातं ते पट्टीवर वाचायचं. लाटा साधारण ४० सेंटीमीटरच्या, आठ सेकंदांच्या.

५० मिलिमीटरचं भोक: कुंकवाचं पाणी जेमतेम अर्धा सेंटीमीटर हललं. २५ चं: सात सेंटीमीटर. २० चं: बारा. १५ चं: सतरा, पण आतलं पाणी आता जेमतेम अर्धंच हलत होतं.

मला वाटत होतं की भोक मोठं तर वारा मोठा आणि वीज जास्त. भाचीने हिशोब मांडला: दाब गुणिले प्रवाह. ५० च्या भोकातून मिळणारी हवेची सरासरी शक्ती पाव वॅटसुद्धा नाही. २५ ला तीन वॅट. २० ला साडेचारच्या आसपास. १५ ला पुन्हा थोडी कमी. भोक फार मोठं असेल तर हवा फुकट ये-जा करते, काहीच काम करत नाही. फार लहान असेल तर पाणीच अडतं. मध्ये कुठेतरी एक जागा आहे जिथे लाट आपल्याला सगळ्यात जास्त देते.

एकच नळी, एकच लाट, फक्त एक चकती बदलली आणि शक्ती अठरा-वीस पटींनी वाढली. लेथसमोर तीस वर्षं उभा आहे. भोकाच्या मापाला एवढी किंमत असलेली दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

१४ जानेवारी २०२४, रविवार

पाऊस, दर्या आणि हिशोब. खोल पाण्यातल्या लाटेची शक्ती काढायला भाचीने एक सोपा नियम दिला: मीटरमधल्या उंचीचा वर्ग, गुणिले दोन माथ्यांमधला सेकंदांतला काळ, त्याचं निम्मं. उत्तर येतं लाटेच्या दर मीटर रुंदीला किती किलोवॅट.

बाहेरच्या दर्यात जुलैची लाट अडीच मीटर आणि नऊ सेकंद धरली तर २८ किलोवॅट. आत्ताची साठ सेंटीमीटर आणि सहा सेकंद धरली तर जेमतेम १. सव्वीस-सत्तावीस पटींचा फरक, त्याच जागी, त्याच वर्षात.

म्हणून वर्षाची सरासरी ऐकली की मी सावध होतो. सरासरीवर यंत्र बेतलं तर जानेवारीत ते झोपतं आणि जुलैत मोडतं. स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर लाट आपल्यापेक्षा कितीतरी मोठी, पण तिथेही वादळाचाच प्रश्न आहे. लाटेच्या विजेत पैसा वीज काढायला कमी आणि तग धरायला जास्त लागतो, असं मला वाटायला लागलं आहे.

विहिंजमबद्दल आणखी वाचलं. तिथे वीज क्षणाक्षणाला बदलायची. लाट मंद झाली की ग्रिडला जोडलेला जनरेटर स्वतःच मोटरसारखा वीज ओढायचा. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ग्रिड बाजूला ठेवली आणि २००४ मध्ये त्याच विजेवर खारं पाणी गोडं करून दाखवलं, दिवसाला १०,००० लिटर. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. लाटेच्या विजेला तिच्या लयीत चालणारं काम दिलं. पाणी साठवता येतं, ते थोडं थांबून थोडं वेगाने झालं तरी चालतं. बॅटरीवरचा दिवाही तसाच. २०११ मध्ये ते केंद्र बंद झालं.

४ फेब्रुवारी, रविवार

वेल्स टर्बाइन फिरलं नाही.

याची कल्पना सुंदर आहे. हवा एकदा वर, एकदा खाली. साधं चक्र एकदा सुलटं, एकदा उलटं फिरेल. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी सत्तरच्या दशकात यावर उपाय काढला: दोन्ही बाजूंनी सारखाच फुगीर असलेला पात्याचा आकार, आणि पाती चक्राच्या कडेला आडवी बसवलेली. हवा वरून आली काय, खालून आली काय, चक्र एकाच दिशेला फिरतं. झडपा नाहीत. विहिंजमला हेच होतं.

भाचीने कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर आठ पात्यांचं करून आणलं. वर्कशॉपच्या ब्लोअरवर हाताने झटका दिला की सुसाट फिरतं, शीळ घालतं. पाईपवर बसवलं तर नुसतं थरथरतं. कारणं दोन. एक म्हणजे वेल्स टर्बाइन मुळातच स्वतःहून वेग घ्यायला आळशी. मोठ्या केंद्रांतही त्याला मोटरने सुरुवात करून देतात. दुसरं, आमचं पातं वीस मिलिमीटर रुंद. इतक्या लहान पात्यावरून हवा चिकटून वाहत नाही, मध्येच सुटते. मोठ्या यंत्रात जे चालतं ते लहान करून चालेलच असं नाही.

त्यात मी जनरेटर म्हणून जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर लावली होती. बोटाने फिरवली तरी ती टिकटिक अडते. तो अडथळाच चक्राला पुरून उरला. ही चूक माझी, भाचीने आधीच सांगितलं होतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

इम्पल्स टर्बाइन. चक्राच्या दोन्ही बाजूंना स्थिर, तिरक्या पाकळ्या. त्या हवेला वळवून चक्राच्या वाटीसारख्या पात्यांवर नेमक्या कोनात सोडतात. वेल्सपेक्षा वेग कमी, पण मंद हवेतही उठतं. विहिंजमलाही पुढे या जातीच्या टर्बाइनचे प्रयोग झाले. स्टेपर काढून ड्रोनची लहान बीएलडीसी (बिनब्रशची) मोटर लावली, ती बोटाने मोकळी फिरते. सहा डायोड, एक एलईडी.

या आठवड्यात वायव्येकडून लांबवरून येणाऱ्या लाटा आहेत. अरबस्तानाकडचा शमाल वारा उठला की त्याचा फुगवटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, असं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासातून कळलं. तात्यांना त्या वाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण हिवाळ्यात इथे वारा नसताना वरून लाट येते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं.

संध्याकाळी साडेसहाला एलईडी लागला. क्षणभर मंद, मग तेज, मग मंद. अर्धा वॅटही नसेल. भाची ओरडली. तात्या काही बोलले नाहीत, टोपी काढून हातात घेतली.

१७ मार्च, रविवार

आता खरी पेटी. नळीतून दिव्यापुरती वीज मिळणार नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढवायला हवा. होड्या करणाऱ्या फायबरच्या कारागिराकडून चौकोनी पेटी करून घेतली. आतून १ मीटर बाय १ मीटर, उंची सव्वाचार मीटर, जाडी ८ मिलिमीटर, बाहेरून आडव्या फासळ्या. नळीच्या चौदा पट क्षेत्रफळ. डिसेंबरच्या चकत्यांच्या हिशोबाने हिला साधारण सत्तर मिलिमीटर भोकाइतका अडथळा हवा. टर्बाइन त्यावरून बेतलं.

चाळीस सेंटीमीटरच्या लाटेत हवेतून साठेक वॅट मिळावेत. टर्बाइन त्याचा चौथा हिस्सा घेईल, जनरेटर त्याचाही निम्मा. हाती सात-आठ वॅट. दिवा ३ वॅटचा, बारा तासांना ३६ वॅट-तास. पुरेल.

१४ एप्रिल, रविवार

पेटी ३१ मार्चला बसली. आठ माणसं, दोन होड्या, एक पूर्ण सुकती. दोन आठवडे छान चाललं.

काल दुपारी चक्र अडकलं. उघडलं तर स्थिर पाकळ्या मेणासारख्या वाकलेल्या. प्लास्टिक पीएलए होतं, थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. वरचं झाकण मी काळं रंगवलं होतं, त्यात एप्रिलचं ऊन. झाकण पांढरं केलं, पाकळ्या नव्या, दुसऱ्या प्लास्टिकच्या.

४ मे, शनिवार

हा दिवस मी विसरणार नाही.

हैदराबादच्या इन्कॉइसने, समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, किनाऱ्याला इशारा दिला होता: दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांचा फुगवटा येतो आहे. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा दर्या. इथे वारा नाही, आभाळ निळं. पाणी तेलासारखं गुळगुळीत. आणि त्या गुळगुळीत पाण्यातून हळूहळू काहीतरी प्रचंड वर येत होतं, खाली जात होतं. बांबूवर मोजलं: उंची तीच, चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर. पण दोन माथ्यांमधलं अंतर सोळा सेकंद.

नियमाने या लाटेत नेहमीच्या लाटेच्या दुप्पट शक्ती. मी आकडा बघायला धावत गेलो. वीज आठव्या हिश्शावर आली होती.

आधी वाटलं कुठेतरी हवा गळते आहे. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासले. काही नाही. मग भाचीला फोन केला आणि दोघांनी अर्धा तास कागद घेऊन बसून काढलं. आमच्या पेटीतलं पाणी बाहेरच्या पाण्यासोबत नुसतं वरखाली होतं. तेवढीच उंची, पण दुप्पट वेळात, म्हणजे हवेचा वेग निम्मा. वेग निम्मा झाला की दाब चौथा हिस्सा, आणि दोन्हींचा गुणाकार आठवा हिस्सा. लाटेत जोर होता, पण तो घेण्याइतका लांब श्वास आमच्या पेटीत नव्हता.

झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते तशी पाण्याच्या स्तंभालाही असते. सोळा सोडा, नेहमीच्या आठ सेकंदांच्या लाटेशी लय जुळवायची तर स्तंभ पाण्यात सुमारे सोळा मीटर खोल हवा. आमचा दोन-तीन मीटरचा. त्याची लय तीन सेकंदांची. म्हणून विहिंजमच्या पेटीपुढे बाहेर काढलेल्या भिंती होत्या. त्या लाट आत गोळा करून लय जुळवायला मदत करतात. वाचताना मी त्या भिंतींवरून नुसता पुढे गेलो होतो.

तात्या म्हणाले, "दर्या एकच नाय. रोज दुसरा दर्या येतो."

३० मे, गुरुवार

केरळात मोसमी पाऊस पोहोचला. आमच्याकडे आठवडाभरात.

झाकणाचा हिशोब. जुलैत जेटीपाशी मीटरभर लाट आली तर दाब वाईटात वाईट अर्धा मीटर पाण्याइतका. एक चौरस मीटर झाकणावर पाचशे किलो, वर. साडेचार सेकंदांनी पाचशे किलो, खाली. चार महिन्यांत असं अकरा लाखांवर वेळा. एकदा पाचशे किलो पेलणारा बोल्ट मला रोज करता येतो. अकरा लाख वेळा पेलणाऱ्याचं मला माहीत नाही.

म्हणून झाकणावर सुटकेची झडप बसवली: वजन टाकलेली, रबराच्या कडेची, पंचवीस सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला उघडणारी. उतरणीच्या बाजूला तशीच दुसरी. त्याच्या वरची लाट आम्हाला नको. जाऊ दे.

हे करताना स्कॉटलंडचं ऑस्प्रे हे लाटेच्या विजेचं यंत्र सतत आठवत होतं. १९९५ मध्ये डाउनरेच्या किनाऱ्याजवळ पोलादाची प्रचंड पेटी नेऊन ठेवली, ती नीट स्थिरावण्याआधीच वादळी दर्याने तिची वाट लावली. उलट स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुट्रिकूला बंदराच्या धक्क्यातच सोळा कप्पे बांधून घेतले, २०११ पासून. सोळा लहान टर्बाइनं, मिळून २९६ किलोवॅट. धक्का तसाही बांधायचाच होता. मला ही वाट आपल्या किनाऱ्याला जवळची वाटते. नवीन धक्का बांधताना त्यात कप्पे ठेवले तर तग धरण्याचा अर्धा खर्च धक्क्याच्या नावावर जातो. आयआयटी मद्रासचं सिंधुजा-१ मात्र उलट वाटेने गेलं: नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरिनपासून सहा किलोमीटर आत, वीस मीटर खोलीवर तरंगतं यंत्र, १०० वॅट. खोल पाण्यात लाट अखंड मिळते. पण नट आवळायला जायचं तर सहा किलोमीटर जावं लागतं, आणि पावसाळ्यात जाताच येत नाही.

२३ जून, रविवार

परवा वटपौर्णिमा, उधाण, वर नैर्ऋत्येचा वारा. रात्री अकराच्या भरतीला टॉर्च घेऊन लांबूनच पाहिलं. दोन्ही झडपा उघडझाप करत होत्या, मोठ्या जनावराच्या फुरफुरण्यासारखा आवाज. झाकण जागेवर.

सकाळी कळलं की पाणी टर्बाइनपर्यंत पोहोचलं होतं. पाकळ्यांच्या खाचांत मीठ आणि शेवाळाचे धागे. एक पातं तुटलं. हवेसाठी केलेल्या पात्यावर पाण्याचा गोळा आदळला की काय राहणार?

७ जुलै, रविवार

टर्बाइन नव्वद सेंटीमीटर वर नेलं, मध्ये उभा पाईप आणि त्यात एक आडवा पडदा. ओहोटीत, दोरी कमरेला बांधून, तीन तास. घरी सांगितलं नव्हतं, नंतर सांगितलं. यापुढे पावसाळ्यात वर चढायचं नाही असं ठरलं आहे.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. चौदा दिवस झाले, सूर्य जेमतेम दोनदा दिसला. दिवा एकही रात्र विझलेला नाही.

सगळ्यात मंद दिवशी ७० वॅट-तास, सगळ्यात चांगल्या दिवशी २६०. लागतात ३६.

रात्री नऊला दिवा अचानक लुकलुकायला लागला. मंद, तेज, मंद, तेज. बॅटरीची केबल क्लॅम्पवर घासून तुटली होती आणि दिवा थेट जनरेटरवर चालत होता. लाट चढताना एकदा उजळायचा, उतरताना एकदा. सकाळी केबल बदलायची म्हणून सामान काढत होतो, तर तात्या आले. रात्रभर ओट्यावर बसून त्यांनी तो दिवा पाहिला होता.

म्हणाले, "मोठी लाट गेली की दिवा मोठा होतो. तीन-चार मोठ्या गेल्या की मग जरा थांबतो. तेवढ्यात होडी आत घेता येते. अंधारात दांड्यावरची लाट दिसत नाही रे, ऐकू येते फक्त. ही दिसते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. नऊ महिने मी ही चमक घालवून दिवा स्थिर कसा होईल हेच पाहत होतो.

१ ऑगस्ट, गुरुवार

बंदी उठली. दर्या अजून खवळलेला, बाहेर कोणी गेलं नाही.

मुखाचा दिवा स्थिरच हवा, त्यात तडजोड नाही. केबल बदलली, रबराच्या नळीतून नेली. पण शेजारी दुसरा लहान, पिवळसर एलईडी लावला, बॅटरीशिवाय, थेट जनरेटरवर. बंदर कार्यालयाला कळवलं, दोन्ही दिव्यांत गोंधळ होऊ नये म्हणून हा खाली आणि मंद ठेवला आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

नारळ दर्याला दिला. एक पेटीपाशी सोडला, भाचीच्या हातून.

आजवरचा खर्च एकसष्ट हजार. यात चार चांगले सौर दिवे आले असते, आणि वर्षाचे आठ महिने ते याच्याइतकेच उपयोगी पडले असते. हे मी लपवणार नाही. ज्यांना गावाला वीज द्यायची आहे त्यांनी या पेटीकडे बघून उड्या मारू नयेत. मी तिची तुलना फक्त एका रात्रीशी करतो, सलग पाच दिवस आभाळ भरून राहिल्यानंतरच्या.

२५ ऑगस्ट, रविवार

पेटी तपासली. खालच्या कडेला आतून कालवं आणि शिंपल्यांचा दोन बोटं जाड थर. फायबरला चीर नाही. झाकणाच्या बारा बोल्टपैकी दोन सैल. टर्बाइनचं बेअरिंग स्टेनलेसचं असूनही खरखरतं आहे, ग्रीसमध्ये मीठ गेलं. पुढच्या वेळी सीलबंद, आणि दर महिन्याला बदलायचं. पुढच्या ऑक्टोबरात पेटीपुढे दोन फायबरच्या भिंती, दीड मीटर बाहेर काढलेल्या. भाचीने त्याचाच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला आहे.

शुक्रवारी रात्री तात्यांची होडी दोन वाजता आली. मी जेटीवर होतो. मुखाबाहेर होडीचा दिवा बराच वेळ एका जागी थांबला. इकडे पिवळा एलईडी मोठा झाला, पुन्हा मोठा झाला, आणखी दोनदा. मग लहान, लहान. बाहेर इंजिनाचा आवाज वाढला आणि होडी सरळ आत आली.

दोर बांधताना तात्यांनी एवढंच विचारलं की तो पिवळा जरा वर बांधता येईल का, भरतीला होडीच्या पुढच्या नाळेआड जातो. उद्या हातभर वर घेतो.